गिटार ऐकण्याआधी ध्वनिमुद्रकाचे नाव वाचावे

अकूस्टिक गिटारचे उत्तम ध्वनिमुद्रण शोधताना बहुतेक रसिक वादकाच्या नावापासून सुरुवात करतात आणि ते स्वाभाविकही आहे. अनेक वर्षांच्या ऐकण्यानंतर माझे मत मात्र असे झाले आहे की, वादकाच्या नावाखाली बारीक अक्षरांत जी दोन नावे छापलेली असतात, म्हणजे मुद्रण ज्या जागेत झाले तिचे आणि ज्याने ते केले त्याचे, त्यांचा माग काढला तर चांगला नाद फार लवकर हाती लागतो. थोर वादकांच्या कितीतरी ध्वनिमुद्रिकांत गिटार पुठ्ठ्याच्या खोक्यात बसवल्यासारखी वाजते. उलट फारसे नाव नसलेल्या एखाद्या तरुण वादकाची मुद्रिका लावावी, तर लाकडाचा पोत, बोटांचा स्पर्श आणि भोवतालची हवा सगळे समोर उभे राहते.

गिटार हे मुळात हळू आवाजाचे वाद्य आहे आणि तिचा आवाज एकाच ठिकाणाहून निघत नाही. तार छेडल्याचा क्षण बोटापाशी ऐकू येतो, खर्जाचा घुमारा पोटावरच्या गोल छिद्रातून बाहेर पडतो, मधल्या स्वरांचा भरीवपणा वरच्या फळीतून येतो, आणि डावा हात सरकताना जाड तारांवर बोटे घासल्याचा आवाज या सगळ्यांहून वेगळा असतो. सहाव्या तारेचा मोकळा स्वर सुमारे ८२ हर्ट्‌झचा आणि पहिल्या तारेचा सुमारे ३३० हर्ट्‌झचा असला, तरी वाद्याची ओळख पटवणारे उपस्वर, म्हणजे मूळ स्वराबरोबर उमटणारे त्याहून उंच सूक्ष्म स्वर, कित्येक हजार हर्ट्‌झपर्यंत पोहोचतात. मायक्रोफोन अगदी छिद्रासमोर धरला की पोकळीतला घुमारा बाकी सर्व झाकून टाकतो. म्हणून जाणते ध्वनिमुद्रक तो साधारणपणे बाराव्या फ्रेटच्या (दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्टीच्या) आसपास, वीतभर किंवा थोड्या अधिक अंतरावर ठेवतात, आणि खोली चांगली असेल तर आणखी मागे नेतात. मैफलीत सोयीसाठी ब्रिजखाली (तारा पोटावर जिथे टेकतात त्या पट्टीखाली) जो पिकअप, म्हणजे कंपनाचे विजेत रूपांतर करणारे छोटे साधन, बसवतात, तो तारांचे कंपन थेट पकडतो. त्याला लाकूड आणि हवा जवळजवळ ऐकूच येत नाही, आणि म्हणून अनेक जिवंत मैफलींच्या मुद्रणांत गिटार टणक, कोरडी व एकसुरी वाटते.

यातून एक साधी कसोटी मिळते. एखाद्या रचनेतला शेवटचा स्वर घ्यावा आणि त्याची आस, म्हणजे छेडल्यानंतर रेंगाळणारा नाद, संपेपर्यंत ऐकावे. चांगल्या मुद्रणात ती आस हळूहळू खोलीच्या हवेत मिसळते, तिच्यातले उंच उपस्वर आधी आणि खर्जाचे मागाहून विरतात, आणि ती संपल्यावरही खोलीचे अस्तित्व क्षणभर जाणवते. सुमार मुद्रणात आस मध्येच कापली जाते, किंवा कृत्रिम प्रतिध्वनीचे एक गुळगुळीत शेपूट तिला जोडलेले असते, जे प्रत्येक स्वराला सारखेच असते.

या कसोटीवर मला सर्वांत वरचढ वाटणारी मुद्रिका म्हणजे अमेरिकन गिटारवादक राय कूडर आणि पंडित विश्वमोहन भट्ट यांची ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’. सप्टेंबर १९९२ मध्ये कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा येथे सेंट अँथनीज सेमिनरीच्या चॅपलमध्ये ती मुद्रित झाली, १९९३ मध्ये वॉटर लिली अकूस्टिक्सने ती प्रकाशित केली आणि पुढच्याच वर्षी तिला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. मुद्रण करणारे होते कविचंद्रन अलेक्झांडर. त्यांनी खास बनवून घेतलेली व्हॅक्यूम ट्यूबची उपकरणे आणि ॲनालॉग टेप वापरली, आणि आवाजाच्या पट्ट्यांत कमी-जास्त करणे, चढउतार दाबून टाकणे, खरखर पुसणे यांपैकी काहीही केले नाही. मायक्रोफोनची मांडणी ब्लूमलाइन पद्धतीची होती. ॲलन ब्लूमलाइन या इंग्रज अभियंत्याने १९३१ मध्ये स्टिरिओ ध्वनीचा जो आराखडा मांडला, त्यात पुढून आणि मागून सारखेच ऐकणारे दोन मायक्रोफोन एकाच जागी, परस्परांशी काटकोनात ठेवलेले असतात. समोरून वाद्य आणि मागून खोली, दोन्ही एकाच वेळी टेपवर उतरतात. अशा मांडणीत नंतर ध्वनिमिश्रण करताना एका वाद्याला पुढे आणि दुसऱ्याला मागे करता येत नाही. कोणी किती अंतरावर बसायचे हे आधीच ठरवावे लागते, आणि मग वादकांनी एकमेकांना ऐकून आपापला तोल सांभाळायचा असतो.

हे दोघे वादक मुद्रणाच्या काही वेळ आधीच प्रथम भेटले होते, ही गोष्ट मुद्रिका ऐकताना मला दर वेळी महत्त्वाची वाटते. भट्टांची मोहनवीणा ही मांडीवर आडवी ठेवून वाजवायची गिटारच आहे, पण तिला चिकारीच्या (तालासाठी छेडायच्या) आणि तरफांच्या (आपोआप झंकारणाऱ्या) तारा जोडलेल्या आहेत. सतारीची सवय असलेल्या आपल्या कानाला तरफांचा झंकार परका नाही, तरीही स्वर थांबल्यावर त्या तारा त्या चॅपलमध्ये ज्या रीतीने मागे गुणगुणत राहतात, ते मी अन्यत्र क्वचितच इतक्या स्पष्टपणे ऐकले आहे. कूडरची काचनळी तारेवरून घसरताना होणारी बारीक खसखस, सुखविंदर सिंग नामधारी यांच्या तबल्यातील डग्ग्यावरचा दाब, आणि एकाने मींड घेतल्यावर दुसऱ्याने तिच्या टोकाशी थांबून वाट पाहणे, हे सगळे एकाच हवेत घडते आहे असा विश्वास बसतो. याच अलेक्झांडर यांनी भट्टांना जेरी डग्लस व एडगर मेयर या अमेरिकन वादकां यांच्याबरोबर ‘बर्बन अँड रोजवॉटर’मध्ये मुद्रित केले आहे. एका मुद्रकाच्या नावावरून दुसऱ्या मुद्रिकेकडे जाण्याचे हे सर्वांत सोपे उदाहरण आहे.

मांडीवर आडवी ठेवून वाजवलेल्या गिटारची आपल्याकडची परंपरा अर्थात जुनी आहे. १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’मध्ये पंडित शिवकुमार शर्मांचे संतूर आणि पंडित हरिप्रसाद चौरसियांची बासरी यांच्याबरोबर पंडित ब्रिजभूषण काबरा यांची गिटार आहे. ही मुद्रिका एचएमव्हीसाठी घडवून आणणारे जी. एन. जोशी म्हणजे आपले भावगीतगायक जोशीच, आणि तबल्यावर माणिकराव पोपटकर आहेत. संतूर आणि बासरी यांचे कौतुक पुष्कळ झाले आहे. काबरांच्या गिटारकडे मात्र लक्ष देऊन ऐकणारे कमी भेटतात. संतूरचे स्वर सुटे सुटे पडत असताना दोन स्वरांमधली जागा गिटार भरून काढते, आणि त्या काळातल्या मुद्रणाच्या मर्यादा मान्य करूनही हे काम किती जपून झाले आहे ते कळते.

ज्यांना ‘उत्तम ध्वनिमुद्रण’ म्हटले की ‘फ्रायडे नाइट इन सॅन फ्रान्सिस्को’ आठवते, त्यांच्याशी माझा थोडा मतभेद आहे. ५ डिसेंबर १९८० रोजी वॉरफिल्ड थिएटरमध्ये पाको दे लुसिया, जॉन मॅकलाफ्लिन आणि अल डी मिओला या तीन गिटारवादकांनी जे वाजवले ते थक्क करणारे आहे, यात शंका नाही. पहिल्या रचनेत डावीकडे पाकोच्या नायलॉनच्या तारा बोटांनी छेडलेल्या आणि उजवीकडे डी मिओलाच्या पोलादी तारा पिकने छेडलेल्या, असा लख्ख भेद ऐकू येतो. दोन तऱ्हेच्या गिटारींमधला फरक कानाला शिकवायचा असेल तर याहून चांगला धडा मिळणार नाही. श्रोत्यांच्या आरोळ्यांनी सभागृहाची भव्यताही कळते. परंतु गिटारचे लाकूड मला त्यात फारसे भेटत नाही. तारा भेटतात, वेग भेटतो, चुरस भेटते. ती मैफलीची नोंद म्हणून अमूल्य आहे, आणि स्पीकरची परीक्षा घेण्यासाठी ती लावणाऱ्यांनी तिच्याबरोबर एखादे शांत मुद्रणही लावावे असे मला वाटते.

असे शांत मुद्रण म्हणजे इंग्रज गायक-गिटारवादक निक ड्रेकचे ‘पिंक मून’. ऑक्टोबर १९७१ मध्ये लंडनच्या चेल्सी भागातील साउंड टेक्निक्स स्टुडिओत, रात्रीच्या वेळी, केवळ गायक आणि ध्वनिमुद्रक जॉन वुड अशा दोघांनीच ते केले, आणि शीर्षकगीतातील पियानोची छोटी ओळ सोडली तर त्यात आवाज आणि गिटार यांखेरीज काही नाही. अंगठ्याने छेडलेली खर्जाची तार आणि बाकीच्या बोटांनी विणलेली वरची जाळी या दोन्ही गोष्टी त्यात वेगवेगळ्या ऐकू येतात, तरी त्या एकाच हातातून निघालेल्या आहेत हेही कळते. पुष्कळ मुद्रणांत गायकाच्या आवाजाला जागा देण्यासाठी गिटारचा खर्ज कापून टाकलेला असतो. इथे तसे झालेले नाही. जॉन वुड यांचे नाव धरून पुढे गेले की जॉन मार्टिनचे ‘सॉलिड एअर’ आणि रिचर्ड थॉम्प्सनच्या सुरुवातीच्या मुद्रिका भेटतात.

पाश्चात्त्य अभिजात गिटारकडे वळले तर जागेचे महत्त्व आणखी ठळक होते. इंग्रज गिटारवादक ज्युलियन ब्रीम यांनी आपल्या घरापासून जवळच असलेल्या, विल्टशरमधील वॉर्डर येथील अठराव्या शतकातल्या चॅपलमध्ये वर्षानुवर्षे मुद्रणे केली. निर्माता जेम्स बर्नेट आणि ध्वनिमुद्रक जॉन बोवर हे त्यांचे ठरलेले सहकारी होते. ब्रिजजवळ छेडलेला धारदार स्वर आणि छिद्रावर छेडलेला मऊ स्वर यांच्यातला रंगांचा खेळ हे ब्रीम यांचे वैशिष्ट्य, आणि ते टिपायला जवळचा मायक्रोफोन पुरत नाही. स्वराला फुलायला थोडी जागा लागते. नॅक्सॉस या ध्वनिमुद्रिका कंपनीच्या गिटार मालिकेतील अनेक मुद्रिका कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतातल्या न्यूमार्केट गावी, सेंट जॉन क्रिसोस्टम चर्चमध्ये झाल्या आहेत. त्यांमागे नॉर्बर्ट क्राफ्ट आणि बॉनी सिल्व्हर हे जोडपे आहे, आणि क्राफ्ट स्वतः गिटारवादक आहेत. कोणत्या स्वरावर नखाचा आवाज सुंदर आहे आणि कोणत्या स्वरावर तो खटकतो, हे वादकाच्या कानालाच नेमके कळते, याचा प्रत्यय या मालिकेत येतो. स्पर्धा जिंकलेल्या नव्या वादकांच्या या मुद्रिका स्वस्त आहेत. ज्याला महागडे ‘ऑडिओफाइल’ संच घ्यायचे नाहीत, त्याने पुस्तिकेत न्यूमार्केटचे नाव शोधावे आणि निःशंकपणे ऐकावे.

अर्थात प्रार्थनागृहच हवे असा नियम नाही. अमेरिकन गिटारवादक पॅट मेथिनी यांनी ‘वन क्वाएट नाइट’मधील बराचसा भाग नोव्हेंबर २००१ मध्ये एका रात्री घरच्या स्टुडिओत, एक बॅरिटोन गिटार आणि एक मायक्रोफोन एवढ्यावर मुद्रित केला. त्यात खोली जवळजवळ ऐकू येत नाही, श्रोता वाद्याच्या अगदी पुढ्यात बसलेला असतो, आणि त्या गिटारचा खालचा, भारदस्त स्वर तसाच ऐकायला बरा वाटतो. ईसीएम या म्युनिकच्या संस्थेच्या मुद्रणांत याच्या उलट टोकाची प्रशस्तता असते. राल्फ टाउनर यांची १९७३ मध्ये ऑस्लो येथे यान एरिक कोंग्सहाउग यांनी मुद्रित केलेली ‘डायरी’ घ्या. ती प्रशस्तता सर्वांना मानवत नाही, पण बारा तारांच्या गिटारला ती शोभते.

प्रत्यक्ष शोधाची माझी रीत सोपी आहे. एखादी मुद्रिका आवडली की डिस्कॉग्ज या ध्वनिमुद्रिकांच्या नोंदींच्या संकेतस्थळावर तिची नोंद काढून ध्वनिमुद्रक आणि जागा यांची नावे पाहायची आणि मग त्याच नावाने इतर कामे शोधायची. संगीताच्या ॲप्समध्ये ही माहिती बहुधा अपुरी असते. दुसरा रस्ता म्हणजे गिटारविक्रेत्यांची ध्वनिचित्रमुद्रणे. जर्मनीतील कार्ल्सरूहेचे सिक्कास गिटार्स किंवा कॅलिफोर्नियातील गिटार सलोन इंटरनॅशनल यांना वाद्याचा खरा आवाज गिऱ्हाइकापर्यंत पोहोचवायचा असतो, म्हणून तिथे वाद्य लपवले जात नाही. सीडर लाकडाची फळी आणि स्प्रूस लाकडाची फळी यांच्या स्वरात काय फरक पडतो, हे मी तिथेच ऐकून शिकलो.

एकाच मुद्रिकेच्या अनेक आवृत्त्या उपलब्ध असतील तर ‘रिमास्टर्ड’ (जुन्या मुद्रणाचा आवाज नव्याने जुळवलेली) या शिक्क्यावर विसंबू नये. काही नव्या आवृत्त्या खरोखर काळजीपूर्वक केलेल्या असतात. काहींत हळू स्वर उचलून मोठ्या स्वरांच्या जवळ आणलेले असतात, त्यामुळे पहिल्या ऐकण्यात त्या जोरकस वाटतात आणि दहा मिनिटांत कान थकतात. गिटारमध्ये हळू आणि मोठा यांतील अंतरावरच सारी अभिव्यक्ती उभी असल्यामुळे हे नुकसान मोठे असते.

ऐकण्याच्या जागेचाही विचार करावा लागतो. आपल्या शहरी घरांत गुळगुळीत फरशी, उघड्या भिंती आणि डोक्यावर फिरणारा पंखा असतो. पंख्याची घरघर नेमकी स्वराची आस गिळते, आणि ज्या गोष्टीसाठी एवढा शोध घेतला तीच ऐकू येत नाही. पंखा बंद करणे शक्य नसेल तेव्हा कान पूर्ण झाकणारे हेडफोन वापरावेत, आणि रात्र शांत असेल तेव्हा स्पीकरकडे वळावे. आवाज गिटारच्या नैसर्गिक आवाजाहून मोठा ठेवू नये. समोरच्या खुर्चीत कोणी वाजवत बसले असते तर जेवढे ऐकू आले असते तेवढाच ठेवला की मायक्रोफोनचे अंतर, फळीचा घुमारा आणि बोटांची घसट यांची प्रमाणे जुळून येतात. नव्याने सुरुवात करणाऱ्याने आधी ‘पिंक मून’, मग न्यूमार्केटची कोणतीही एक मुद्रिका आणि त्यानंतर ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ या क्रमाने ऐकावे, कारण या क्रमात खोली टप्प्याटप्प्याने मोठी होत जाते आणि ती ऐकण्याची सवय कानाला आपोआप लागते.