आमची वाटचाल : फुलांआधीचे बारा आठवडे

रोपवाटिका सुरू केली तेव्हा ताईचा आणि माझा हिशेब अगदी सरळ होता. लोकांना फुलं हवीत, तर आपण फुललेली झाडं विकायची. हिवाळा ओसरू लागला की पिटुनिया, पॅन्झी, फ्लॉक्स, डॉग फ्लॉवर नुसते ओसंडत असतात. पहिल्या वर्षी आम्ही नेमक्या त्याच दिवसांत कुंड्या मांडल्या आणि दोन आठवड्यांत शेवटची कुंडीसुद्धा गेली. आम्हाला कोण आनंद! मग लोक परत येऊ लागले. एक बाई वाळलेल्या पिटुनियाची कुंडी घेऊनच आल्या. "पंधरा दिवस पण नाही हो टिकलं," एवढंच म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्यांनी पाणी नीट घातलं होतं. लहान कुंडीत पूर्ण बहरलेलं हंगामी झाड आपलं बरंचसं आयुष्य जगून झालेलं असतं. त्या बाईंचं झाड आम्ही कुंडीतून उपटून पाहिलं, तर मुळं कडेकडेने गोल फिरून त्यांची नुसती जाळी झालेली. वर ऊन तापायला लागलेलं. अशा झाडाने नव्या मातीत मुळं धरायची कधी? तेच रोप चार-सहा पानांचं असताना, थंडीच्या तोंडावर लावलं तर थंडीभर ते गुपचूप मुळं पसरतं, बाजूने फुटवे काढतं आणि हिवाळ्याच्या अखेरीस आठवडेच्या आठवडे फुलत राहतं. पेरणीपासून पहिल्या फुलापर्यंत पिटुनियाला साधारण दहा ते बारा आठवडे लागतात. आमचा खरा धंदा त्या आठवड्यांचा आहे, हे त्या कुंडीने शिकवलं.

दुसऱ्या वर्षापासून बहरातल्या कुंड्या विकणं बंद केलं आणि थंडीआधी छोटी रोपं द्यायला लागलो. विक्री निम्म्यावर आली. हिरव्या चार पानांकडे बघून कुणाला मोह पडत नाही, हे खरंच आहे. ताई मात्र ठाम राहिली. तिने फाटकाशी एक वाफा तयार केला आणि विकायची तीच रोपं त्याच दिवशी त्यात लावली. हिवाळा संपताना तो वाफा बघून लोक थांबायचे, आणि आम्ही त्यांची नावं वहीत लिहून घ्यायचो. रोप तयार झालं की निरोप जायचा. अजूनही असंच चालतं.

पेरणीचं काम मला स्वतःला फार आवडतं. पिटुनियाचं बी म्हणजे तपकिरी धूळच. एका ग्रॅममध्ये आठ-दहा हजार भरतं. ते चिमूटभर कोरड्या बारीक वाळूत मिसळायचं, कागदाला मधोमध घडी घालायची आणि बोटाने हलकेच टिचक्या मारत ओल्या कोकोपीटवर, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशावर, सोडायचं. वर माती अजिबात घालायची नाही, कारण ते उजेडावर रुजतं. पॅन्झीची तऱ्हा उलटी. तिला अंधार लागतो आणि गारवा लागतो, १८ ते २० अंशांच्या आसपासचा. म्हणून तिचे ट्रे घरातल्या सगळ्यात थंड खोलीत झाकून ठेवतो आणि रोज सकाळी झाकण उचलून बघतो. पहिला कोंब दिसला की लगेच उजेडात. एक दिवस उशीर झाला तरी रोपं लांबुडकी होतात.

तिसऱ्या वर्षी एका रात्रीत अकरा ट्रे गेले. संध्याकाळी सरळ उभी असलेली रोपं सकाळी जमिनीलगत कंबर मोडल्यासारखी आडवी. देठ तळाशी पाणचट, काळपट. मर रोग. बी दाट पडलं होतं आणि मी संध्याकाळी वरून पाणी दिलं होतं, त्यामुळे रात्रभर ओल राहिली आणि बुरशीला हवं ते मिळालं. तेव्हापासून पाणी सकाळीच, तेही ट्रे पाण्यात टेकवून खालून, आणि विरळणी करताना हात आखडायचा नाही. आमच्याकडच्या मावशी काडीच्या टोकाने रोप उचलतात, नेहमी पानाला धरून. देठ चेपला की रोप संपलं. पान गेलं तर दुसरं येतं.

काही फुलांची रोपं आम्ही मुद्दामच विकत नाही. लार्कस्पर आणि पॉपी यांचं सोटमूळ हलवलेलं सोसत नाही, त्यांचं बीच देतो, जागच्या जागी पेरायला. नॅस्टर्शियमचं बी देताना खत घालू नका असं दोनदा सांगतो. माती फार कसदार झाली तर पानंच पानं होतात आणि फुलं पानांखाली शोधावी लागतात.

ट्युलिपचे कंद मागणारेही येतात. त्यांना आधी विचारतो, थंडी किती पडते? ट्युलिपच्या कंदाला १२ ते १६ आठवडे दोन ते नऊ अंशांचा गारवा मिळाला तरच देठ नीट लांबतो. तेवढी थंडी नसेल तर कंद फ्रीजमध्ये ठेवता येतात, पण फळांशेजारी ठेवायचे नाहीत. पिकत्या सफरचंदातून निघणाऱ्या इथिलीन वायूने आतली कळी मरते. एवढं सांगितल्यावर निम्मे लोक बेत सोडतात. सोडू देत.

स्वीट पी हा सुवासिक फुलांचा वेल ताईचा लाडका. कुपानी नावाच्या सिसिलीतल्या धर्मगुरूने १६९९ साली त्याचं बी इंग्लंडला धाडलं, आणि तिथल्या बागांना त्या वासाने वेड लावलं. कुपानीच्याच नावाच्या त्या जुन्या दुरंगी जातीला, गडद तांबूस आणि जांभळ्या, अजूनही सगळ्यात तीव्र वास आहे असं ताईचं मत, आणि माझंही. बी रात्रभर भिजवायचं, दोन-तीन पानांच्या जोड्या आल्या की शेंडा खुडायचा. दिसायला वाटाण्यासारखं असलं तरी बी विषारी आहे, म्हणून पाकिटावर ते ठळक छापतो. फुलं मात्र सतत तोडायची. एकदा शेंगा धरल्या की वेल फुलायचं थांबवतो.

सध्या फाटकाशी वेल भरात आहे. मावा ही कीड दिसायला लागलीय, भुरी रोगही येईल, ऊन चढतंय. ताई रोज सकाळी कात्री घेऊन जाते आणि उमललेलं एकही फूल वेलावर ठेवत नाही. येणाऱ्याच्या हातात एक जुडी देते आणि दुसऱ्या हातात नाव लिहायला वही.