ट्रॅव्हल डायरीचं अ‍ॅप आणि अमळनेरच्या ओट्यावरचं टेस्टिंग

डिझाइनच्या कोर्सला फायनल प्रोजेक्ट म्हणून प्रवासाची डायरी ठेवायचं मोबाइल अ‍ॅप घेतलं होतं. फिग्मा या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये स्क्रीन काढल्या, एकमेकींना जोडल्या, बटण दाबलं की पुढची स्क्रीन येतेय, भारी वाटत होतं. पण कोर्सवाले आम्ही एकमेकांचीच अ‍ॅपं तपासायचो आणि "क्लीन आहे", "मस्त झालंय" याच्यापुढे कोणाची गाडी जायची नाही. म्हणून सुट्टीत अमळनेरला घरी आले आणि सरळ फोन घेऊन ओट्यावर बसले.

अ‍ॅप-वेबसाइट वापरायला सोप्या कशा कराव्यात यातला तज्ज्ञ जेकब नील्सन, त्याचं पाच माणसांचं गणित या लाइनमध्ये सगळ्यांना पाठ असतं, पाच जणांवर टेस्ट केली की साधारण 85 टक्के अडचणी सापडतात. पण तोच माणूस असंही म्हणतो की वापरणारे वेगवेगळ्या प्रकारचे असतील तर प्रत्येक प्रकारातले तीन-चार जण घ्या, हे मात्र कोणी पुढे सांगत नाही. आमच्याकडे तर दोन टोकं, एकीकडे चैत्रात सप्तशृंगी गडावर पायी जाणाऱ्या बायका आणि दुसरीकडे बाइक काढून तोरणमाळ नाहीतर पाटणादेवी गाठणारी कॉलेजची पोरं.

पहिली बसली मावशी. तिला म्हटलं, तू फक्त मनात येईल ते मोठ्याने बोलत राहा, मी काही सांगणार नाही, आणि परीक्षा तुझी नाही अ‍ॅपची आहे. खाली कोपऱ्यात गोल रंगीत बटणावर अधिकचं चिन्ह होतं, नवी नोंद करायला. मावशीचा अंगठा त्याच्यापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. "हाई दवाखानानं शे का?" म्हणजे अहिराणीत, हे दवाखान्याचं आहे का? मला हसू आवरेना पण गप्प राहायचं असतं ना, टेस्टिंगमध्ये सगळ्यात अवघड काम हेच, तोंड बंद ठेवणं. शेवटी तिने फोन माझ्या हातात दिला आणि आतून स्वतःची वही आणली. वारीची वही. त्यात तारीख, गाव, खर्च, आणि प्रत्येक मुक्कामाला कोणी जेवू घातलं त्याचं नाव, कोणी पायाला तेल लावून दिलं तेही. देखाव्याबद्दल एक ओळ नाही! माझ्या अ‍ॅपमध्ये मूड निवडायला हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांची अख्खी रांग होती आणि जेवू घालणाऱ्याचं नाव लिहायला जागाच नाही. चेहरे त्याच रात्री उडवले, "कोणाकडे थांबलो" हा रकाना टाकला, आणि बटणावर सरळ "नवी नोंद" असं लिहिलं.

टाइप करायचा तिला कंटाळा, म्हणून बोलून लिहायची सोय दाखवली, पण मराठीवर ठेवलेला फोन अहिराणी ऐकतो आणि भलतंच छापतो, तिचं वाक्य स्क्रीनवर बघून तीच म्हणाली की हे मी बोललेच नाही. तेव्हा मग ठरलं की आवाज आहे तसा रेकॉर्ड करून ठेवायचा, अक्षरं ज्याला हवी त्याने नंतर करावी.

पोरांची गंमत वेगळी. फिग्माच्या प्रोटोटाइपवर, म्हणजे नुसत्या दिखाऊ नमुन्यावर, नेटवर्कचं काही कळत नाही, म्हणून एका मित्राने कच्चं अ‍ॅप बनवून दिलं. घरी एअरप्लेन मोड लावून बघितलं तर सगळं सेव्ह होत होतं. तोरणमाळच्या घाटात मात्र नेटवर्क पूर्ण जात नाही, अर्धी कांडी येते-जाते, आणि अ‍ॅप तिच्या भरवशावर गोल फिरत बसतं. रेंज अजिबात नसणं परवडलं. आता नोंद आधी फोनमध्येच साठते, नेट मिळेल तेव्हा वर जाते, वापरणाऱ्याने वाट बघायचा प्रश्नच नाही.

दुसरं म्हणजे फोटोवरून ठिकाण आपोआप कळावं अशी आयडिया होती. पण ग्रुपमध्ये फोटो काढणारा एकच असतो आणि बाकीचे त्याच्याकडून व्हॉट्सअ‍ॅपवर घेतात, आणि साधा फोटो म्हणून पाठवला की त्यातली जागेची माहिती निघून जाते, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तरच राहते. हे कोणाला समजावत बसणार? ठिकाण हाताने निवडायची सोय वर आणली.

उन्हाचं तर विचारूच नका. जळगावला मे महिन्यात पारा 44-45 ला जातो, फोन तापला की स्क्रीन आपोआप मंद होते, आणि माझी ती नाजूक राखाडी अक्षरं गायब. अक्षर आणि मागचा रंग यांच्यातला कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळ-गडद फरक, निदान 4.5 ला 1 पाहिजे असा नियम आहे, तो कागदावर पाळूनही बाहेर पोरं हाताचा आडोसा करून वाचत होती, म्हणून सरळ पांढऱ्यावर काळं केलं. ओळींमधलं अंतरही वाढवलं कारण वरच्या मात्रा आणि खालचे उकार कापले जात होते. सरांना आधीचंच डिझाइन जास्त "प्रीमियम" वाटलं, वाटू दे.

आता आवाजाच्या नोंदी शोधायच्या कशा हे अडलंय, सध्या गाव आणि तारखेवरून सापडतात पण मावशीला माणसाच्या नावावरून हव्यात. पुढचं टेस्टिंग दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत करायचा विचार आहे, पण तिथल्या घोडेबाजारात घोडे बघायला आलेल्या माणसाला दहा मिनिटं एका जागी बसवायचं कसं, कोणाला काही सुचत असेल तर सांगा.