कालव्याकाठचे बूट

आज आयर्लंडमधल्या स्ट्रोक्सटाउनला लहान मुलाच्या बुटांपाशी पाय अडखळले. ब्राँझचे, जेमतेम वीतभर, नाड्या एकमेकींत बांधलेल्या. एका पडक्या घरात सापडलेल्या जुन्या जोडावरून ओतलेले.

शेजारी उभे असलेले आजोबा म्हणाले, "आमच्या रॉसकॉमन जिल्ह्याला समुद्र नाही. दुष्काळात इथून निघालेल्या कित्येकांनी तो पहिल्यांदा पाहिला, तोच देश सोडताना."

ते वाक्य दिवसभर डोक्यातून जाईना.

१८४७. बटाट्याचं पीक कुजलेलं, भाडं थकलेलं. इथला जमीनदार डेनिस मेहन याने आपल्या १,४९० कुळांना कॅनडाला पाठवायचं ठरवलं. रॉयल कालव्याच्या काठाकाठाने डब्लिनपर्यंत सुमारे १६५ किलोमीटर. चालत. पोरंबाळं घेऊन! पुढे लिव्हरपूल, तिथून जहाजं. जवळपास निम्मे लोक पोचलेच नाहीत. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मेहनलाही गोळी घातली गेली.

ज्या वाड्यातून हुकूम सुटले, तिथेच आज दुष्काळाचं संग्रहालय आहे. कागदपत्रं नीट जपलीत, नावांसकट.

पण माझी नजर परत परत त्या नाड्यांच्या गाठीवर जाते. कुणी मारली असेल ती? आईने?