आठ मिनिटं आणि एक ब्युरेट

‘व्यासपीठावरील मान्यवर परीक्षक, गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो...’ मग स्वतःचं नाव, महाविद्यालयाचं नाव, मार्गदर्शकांचं नाव सगळ्या पदव्यांसह, प्राचार्यांचे आभार, आणि पडद्यावर ठसठशीत दिसणारं प्रकल्पाचं शीर्षक पुन्हा एकदा मोठ्यानं. प्रकल्पाच्या सादरीकरणाचं पाऊण मिनिट संपलं. हातात आठ मिनिटं असतील तर जवळजवळ दहावा हिस्सा गेला, आणि प्रकल्प विहिरीच्या पाण्यावरचा असेल तर पाणी कुठल्या विहिरीचं तेही अजून कळलेलं नाही.

यात मुलांना बोल लावण्यात अर्थ नाही. चारचौघांत उभं राहून बोलायचं आपल्याला शाळेपासून एकच वळण लागतं, ते वक्तृत्व स्पर्धेचं. सुरुवातीला कवितेच्या दोन ओळी, मध्ये आवाजाचा चढउतार, शेवटी ‘एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवते’. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांची ‘आविष्कार’ संशोधन स्पर्धा २००६ पासून भरते आहे, विभागांचे सेमिनार त्याच्याही आधीपासूनचे. पण तिथेही मुलं वक्तृत्वाच्याच पवित्र्यात उभी राहतात. परीक्षकाला मात्र आवाजाशी फार देणंघेणं नसतं. काय शोधलं, कसं शोधलं आणि त्यावर किती भरवसा ठेवायचा, एवढंच त्याला हवं असतं.

रसायनशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाचा हमखास प्रकल्प घेऊ: गावातल्या विहिरींच्या पाण्याचा हार्डनेस, म्हणजे त्यात विरघळलेल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमचं प्रमाण. समजा बारा विहिरी, मे आणि ऑक्टोबर असे दोन महिने, प्रत्येक नमुन्याची तीन रीडिंग, म्हणजे बहात्तर टायट्रेशन. टायट्रेशन म्हणजे ब्युरेट या रेघांच्या काचनळीतून नमुन्यात द्रावण सोडत जायचं आणि रंग बदलेपर्यंत किती लागलं ते मोजायचं. काम चांगलं घाम काढणारं आहे. सादरीकरणात मात्र पहिली स्लाइड निळ्या पृथ्वीची आणि ‘पाणी हेच जीवन’ची निघते. मग हार्डनेसची व्याख्या, त्याचे प्रकार, त्याचे तोटे, जे समोरच्या परीक्षकांनीच वर्गात शिकवलेलं असतं. पाठोपाठ कृती, तीही रसायनांच्या बाटल्यांच्या फोटोंसह. सहाव्या मिनिटाला इशाऱ्याची घंटा वाजते आणि बहात्तर टायट्रेशनचा आलेख वीस सेकंदांत पडद्यावरून पळून जातो.

काम ज्या क्रमानं केलं त्याच क्रमानं सांगायचं, असं कुठेही लिहिलेलं नाही. उत्तर पहिल्या मिनिटात सांगून टाकावं: बारापैकी सात विहिरी मे महिन्यात लिटरला २०० मिलिग्रॅमच्या वर होत्या, पावसाळ्यानंतर तीनच राहिल्या. आता ऐकणाऱ्याला कृती ऐकायचं कारण मिळालं. कृतीला दीड मिनिट पुष्कळ. निदान साडेतीन मिनिटं आलेखांना द्यावीत. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००, २०० ही स्वीकार्य मर्यादा सांगतं आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतं. पहिलाच आकडा सांगून ‘पाणी पिण्यास अयोग्य’ असं ठोकून देणारा विद्यार्थी दुसऱ्या आकड्यावर पकडला जातो. ‘प्रदूषित’ हा शब्द तर त्याहून घातक. आपल्याकडच्या काळ्या पाषाणातून झिरपतानाच पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम उतरतं. त्यात कोणाचा गुन्हा असायलाच हवा असं नाही. सांडपाण्यावर बोट ठेवायचं तर नायट्रेट किंवा कोलिफॉर्म जिवाणूंची तपासणी हवी, आणि ती केली नसेल तर तसं आपणच सांगावं.

आकड्यांची खरी गंमत दशांश चिन्हानंतर आहे. नमुना ५० मिली, ब्युरेटमध्ये ईडीटीएचं, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमला बांधून घेणाऱ्या रसायनाचं, द्रावण ०.०१ मोलर. अशा वेळी १ मिली ईडीटीए म्हणजे १ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट (हार्डनेस याच मापात सांगतात), हा हिशेब तोंडी बसतो. रीडिंग आली १४.३, १४.३ आणि १४.४. एक्सेल सरासरी काढून, लिटरवर नेऊन २८६.६६६७ छापतं आणि मुलं ते जसंच्या तसं स्लाइडवर चिकटवतात. पण ब्युरेटवरची सर्वांत बारीक रेघ ०.१ मिलीची, म्हणजे लिटरला २ मिलिग्रॅमची. तेव्हा २८७ म्हणावं आणि गप्प बसावं. एका विहिरीत २८७ आणि दुसरीत २८८ आलं, म्हणून दुसरी अधिक हार्ड असं म्हणणारा एका रेघेच्याही आतल्या फरकावर निष्कर्ष उभा करत असतो. परीक्षकाच्या भुवया इथे वर जातात.

आलेखाचंही तसंच. आकडे एकमेकांच्या जवळ असले की एक्सेल उभा अक्ष आपल्या मर्जीनं शून्याच्या वरून सुरू करतं. तो २४० पासून सुरू झाला तर २८६ चा खांब २६३ च्या बरोबर दुप्पट उंच दिसतो. खांब काढायचे तर तळ शून्यच ठेवावा. पिवळी रेघ पांढऱ्यावर काढू नये. लॅपटॉपवर ती दिसते, दुपारच्या उजेडात सेमिनार हॉलच्या जुन्या प्रोजेक्टरवर नाहीशी होते. अक्षर २४ च्या खाली नको. मराठी स्लाइड जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केली असेल, तर आयोजकांच्या संगणकावर ती हमखास अगम्य चिन्हांची रांगोळी होते. म्हणून युनिकोडमध्येच टाइप करावं, आणि पेनड्राइव्हवर पीपीटीच्या शेजारी पीडीएफही असू द्यावी.

सराव मनातल्या मनात करण्यात काही हशील नाही, मनात आपण फार वेगानं बोलतो. उभं राहून, मोठ्यानं, मोबाइलवर वेळ लावून बोलावं. सावकाश मराठीत मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात, म्हणजे आठ मिनिटांना आठशे शब्द धरावेत. जास्त झाले तर वेग वाढवू नये, अख्खी स्लाइड उडवावी. हे सर्वांत जड जातं, कारण प्रत्येक स्लाइडमागे एक रविवार गेलेला असतो. पाठ करायचीच असतील तर पहिली दोन वाक्यं करावीत. घसा तिथेच कोरडा पडतो. लेझर पॉइंटरचा ठिपका थरथरत असेल तर कोपर टेबलावर टेकवावं, नाहीतर स्लाइडवरच बाण काढून ठेवावा. दोघांचा प्रकल्प असेल तर माइकची देवघेव एकदाच.

प्रश्नोत्तरांना बहुतेक मुलं भितात, खरं तर गुण तिथेच मिळतात. ‘धन्यवाद’च्या स्लाइडमागे दोन-तीन जादा स्लाइडी दडवून ठेवाव्यात: सगळ्या रीडिंगचा तक्ता, विहिरींचा नकाशा, ईडीटीए प्रमाणित कसं केलं त्याचा हिशेब. याच बारा विहिरी का, नमुना बाटलीत किती तास होता, डिस्टिल्ड वॉटरचं ब्लँक (नमुन्याऐवजी शुद्ध पाण्याचं टायट्रेशन) घेतलं होतं का, हे प्रश्न येणारच. ब्लँक घेतलं नसेल तर ‘नाही घेतलं’ म्हणावं. गोलमोल बोललं की पुढचे तीन प्रश्न त्याच खड्ड्यात येतात.

एखादे खवट सर शेवटी सहज विचारतात, ‘रंग एकदम बदलतो की हळूहळू?’ टायट्रेशन मित्राकडून करून घेतलेला मुलगा ‘वाइन रेडपासून निळा’ एवढं पुस्तकातलं सांगून थांबतो. ज्यानं स्वतः केलंय तो सांगतो, की मध्ये जांभळट छटा येते, मग थेंब-थेंब सोडून चार-पाच सेकंद थांबावं लागतं, आणि शेवटची लाली जाता जात नाही. सर मान डोलावतात आणि पुढच्या गटाचं नाव पुकारायला सांगतात.