छातीच्या हाडामागची ग्रंथी

यवतमाळ जिल्ह्यातील एका एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीवरील औषधोपचाराच्या केंद्रात, समुपदेशन करताना मला हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, विषाणू दबला तरी सीडी४ (रक्तातल्या, संसर्गाशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींची संख्या) का वाढत नाही? परवा पन्नाशी ओलांडलेल्या एका काकांनी, कापूस वेचून चिरलेल्या बोटाने, वहीतले दोन आकडे दाखवले: दोन वर्षांपूर्वी १८०, आता ३१०. त्याच सुमारास औषध सुरू केलेल्या एका तरुणाचा आकडा मात्र सहाशेवर गेलेला.

या फरकाचे एक कारण छातीच्या हाडामागे, हृदयाच्या वर आहे. थायमस ही ग्रंथी अस्थिमज्जेतून आलेल्या पेशींना घडवून सीडी४ आणि सीडी८ (विषाणूग्रस्त पेशी मारणाऱ्या) पेशी तयार करते. प्रतिकारशक्तीतले तिचे महत्त्व १९६१ साली शास्त्रज्ञ जॅक मिलर यांनी दाखवून दिले. वयात आल्यानंतर ती आक्रसत जाते, तिच्या जागी चरबी भरते आणि एचआयव्ही तिच्यातील घडणाऱ्या पेशींनाही सोडत नाही.

औषधे सुरू होताच पहिल्या काही महिन्यांत दिसणारी वाढ मुख्यतः लसिका ग्रंथींत अडकलेल्या जुन्या पेशी रक्तात परतल्याने होते. त्यापुढची संथ वाढ कोऱ्या, म्हणजे अजून कोणत्याही जंतूशी गाठ न पडलेल्या, पेशींची असते आणि त्यात थायमसचा वाटा मोठा असतो. सीडी८ पेशी मात्र बराच काळ वाढलेल्याच राहतात, म्हणून एकट्या सीडी४पेक्षा सीडी४ भागिले सीडी८ हे गुणोत्तर अधिक बोलके, असे माझे मत आहे. निरोगी माणसात ते साधारणपणे एकाहून जास्त असते.

काकांनी ऐकून घेतले आणि विचारले, “म्हणजे गोळी सोडायची नाही ना?” मी म्हटले, “नाही, काका.”