तुम्ही विचारलंत म्हणून: मुलाला घरीच सुई का टोचता?

‘दवाखाने आहेत, नर्स आहेत, मग स्वतःच्या मुलाच्या शिरेत तुम्हीच सुई कशाला घालता? हात थरथरत नाही?’ हा प्रश्न मला शाळेच्या फाटकाशी विचारला जातो, नातेवाइकांच्या घरी विचारला जातो, वेटिंग रूममध्ये शेजारी बसलेली अनोळखी बाईही विचारते. विचारणाऱ्या बहुतेकांना माझ्या मुलाला हिमोफिलिया ए आहे, तोही सिव्हिअर, हे ठाऊक असतं. फॅक्टर आठ म्हणजे काय, तेही एव्हाना कळलेलं असतं. त्यामुळे ते एका वाक्यातच सांगते: या आजारात रक्त गोठवणारं फॅक्टर आठ नावाचं प्रथिन शरीरात जवळजवळ नसतंच, म्हणून ते औषध म्हणून शिरेतून द्यावं लागतं. प्रश्नाचं उत्तर मात्र एकदा नीट द्यायचं आहे, कारण उभ्याउभ्या दिलेल्या उत्तराने कुणाचंच समाधान झालेलं मी पाहिलं नाही. माझंही नाही.

पहिलं कारण वेळ. सांध्यात ब्लीड, म्हणजे आतल्या आत रक्तस्राव, सुरू होतं तेव्हा बाहेरून काहीच दिसत नाही. मुलगा फक्त म्हणतो, ‘आई, गुडघ्यात कसंतरी होतंय.’ सूज नसते, गुडघा गरमही लागत नाही. त्याच वेळी फॅक्टर गेला तर ब्लीड तिथेच आटोक्यात येतं. दोन तासांच्या आत द्या, असं आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवलंय. सूज दिसेपर्यंत थांबलं तर रक्त सांध्यात भरलेलं असतं. त्यातलं लोह आतल्या अस्तराला सुजवतं आणि मग तोच सांधा पुन्हापुन्हा धरतो. लंगडणारी मोठी माणसं मी आमच्या सेंटरमध्ये, म्हणजे हिमोफिलियाच्या उपचार केंद्रात, पाहिली आहेत. त्यांच्या लहानपणी औषध वेळेवर मिळालं नाही, एवढाच त्यांच्यात आणि माझ्या मुलात फरक आहे.

दुसरं कारण, औषध टिकत नाही. साधा फॅक्टर आठ शरीरात आठ ते बारा तासांत निम्मा होतो. म्हणून ब्लीड होण्याची वाट न पाहता आठवड्यातून ठरलेल्या दिवशी तो द्यावा लागतो. स्वीडनमध्ये माल्मोच्या डॉक्टरांनी 1958 पासून हे सुरू केलं. ज्यांच्या रक्तात मुळातच एक टक्क्याच्या वर फॅक्टर असतो त्यांचे सांधे फारसे बिघडत नाहीत, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. मग बाकीच्यांचीही पातळी एक टक्क्याच्या खाली जाऊ द्यायची नाही, असा तो साधा विचार. तो घरी अमलात आणायचा तर घरातल्या कुणाला तरी शीर सापडायला हवी. प्रत्येक डोससाठी दवाखाना धरला तर मुलाची शाळा कधी होणार आणि तो खेळणार कधी?

‘पण काही चुकलं तर?’ हा पुढचा प्रश्न ठरलेला. मला त्याचा राग येतो, पण प्रश्न रास्त आहे. म्हणून घरी काय होतं ते सांगते. आधी साबणाने हात. मग बाटलीवरचं नाव, युनिट, एक्स्पायरी. बाटली फ्रिजमधून काढून तशीच टेबलावर ठेवायची आणि खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची. गरम पाण्यात घालायची नाही. रबरी बूच स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचं आणि वाळू द्यायचं. ओल्या बुचात सुई घालायची नाही. हे पुसण्याचं काम मुलाचं आहे, ते तो मला करू देत नाही. पावडरीत पाणी सोडलं की बाटली हलकेच गोल फिरवायची. जोरात हलवली तर फेस येतो आणि प्रथिनाचं नुकसान होतं. मग उजेडासमोर धरून बघायचं. कण दिसले तर ती बाटली बाजूला. फिल्टरमधून सिरिंजमध्ये ओढायचं आणि तयार औषध पुन्हा फ्रिजमध्ये न ठेवता लगेच द्यायचं. बटरफ्लायच्या, म्हणजे पंखवाल्या बारीक सुईच्या, नळीत रक्ताची लाल रेघ आली तरच पिस्टन ढकलायचा, तोही सावकाश. सुईजवळ फुगलं तर थांबायचं. सुई काढली की कोपर न वाकवता बोळा दाबून धरायचा. सुई थेट जाड डब्यात. आणि घरात दुसरं मोठं माणूस असल्याशिवाय सुरुवातच करायची नाही. अंगावर गांधी उठल्या, छाती भरून आली तर एकीने इंजेक्शन थांबवावं आणि दुसऱ्याने फोन करावा.

शेवटी बाटलीवरचा लॉट नंबरचा स्टिकर सोलून वहीत चिकटवायचा. ‘हे औषध रक्तापासून करतात ना, मग एड्स?’ असं दबक्या आवाजात विचारणाऱ्यांसाठी ही वही आहे. ऐंशीच्या दशकात हे खरोखर घडलं. हजारो लोकांच्या प्लाझ्मापासून केलेल्या फॅक्टरमधून हिमोफिलियाच्या असंख्य रुग्णांना एचआयव्ही आणि हेपटायटिस सी झाला, त्यातले कितीतरी गेले. त्या दशकाच्या मध्यापासून उष्णतेने विषाणू मारायला सुरुवात झाली आणि 1992 मध्ये रक्ताऐवजी पेशींमध्ये वाढवलेला फॅक्टर आठ बाजारात आला. आजचं औषध वेगळं आहे. तरी मी स्टिकर चिकटवते, कारण एखादा लॉट परत मागवला गेला तर तो माझ्या मुलाला गेला की नाही, हे मला त्याच मिनिटाला कळायला हवं.

आणि हे आम्ही आपल्या मनाने सुरू केलेलं नाही. सुरुवातीचे डोस सगळे सेंटरमध्येच झाले. सिव्हिअर हिमोफिलिया ए असलेल्या दर दहांपैकी साधारण तिघांच्या शरीरात या औषधाविरुद्धच इनहिबिटर, म्हणजे त्याला निकामी करणारी प्रतिपिंडं, तयार होतात, आणि तो धोका पहिल्या पन्नासएक डोसमध्ये सर्वांत जास्त. ते दिवस निभावल्यावर घरचा विषय निघाला.

तेव्हा मी नाही म्हणाले होते. सेंटरमधल्या नर्सताईंना स्पष्ट सांगितलं होतं, ‘मी आई आहे, मी टोचणार नाही. त्याला कुणीतरी एक माणूस असं हवं, ज्याचा हात जवळ आला की भीती वाटणार नाही.’ तेव्हाच्या त्या बाईला आज मी काय सांगू? तिला खोडून काढायला माझ्याकडे वैद्यकीय कारणं भरपूर आहेत. तिचं म्हणणं मात्र अजून खोटं पडलेलं नाही.

मुलगा शाळेच्या जिन्यावरून पडला तो दिवस सांगते. कठड्यावर डोकं आपटलं होतं. जखम नव्हती, टेंगूळही नव्हतं. फोन आला तशी मी फॅक्टरची पिशवी उचलून निघाले आणि जवळच्या इस्पितळात त्याला नेलं. आमचं सेंटर तिथून बरंच लांब होतं. कॅज्युअल्टीतला तरुण डॉक्टर सभ्य होता. त्याने टॉर्चने डोळे पाहिले, प्रश्न विचारले आणि म्हणाला, ‘शुद्धीत आहे, बोलतोय. आधी सीटी करू, काही निघालं तर फॅक्टर देऊ.’ दुसऱ्या मुलाच्या बाबतीत तो अगदी बरोबर होता. आमच्याकडे क्रम उलटा असतो, डोक्याला मार लागला की आधी फॅक्टर, मग तपासणी. तसं लिहिलेलं आमच्या हिमॅटॉलॉजिस्टचं, म्हणजे रक्तविकारतज्ज्ञांचं, पत्र मी पुढे केलं. त्याने ते दोनदा वाचलं. म्हणाला, सीनिअरना विचारावं लागेल. सीनिअर ऑपरेशनमध्ये होते. ‘आणि बाहेरून आणलेलं औषध आम्हाला टोचता येत नाही.’

त्याचा नियम मला कळत होता. घड्याळही दिसत होतं. मुलाला तोवर जांभया येऊ लागल्या होत्या, आणि ती दमणूक आहे की दुसरं काही, हे मला कळत नव्हतं. सेंटरला फोन लावला. नर्सताई म्हणाल्या, ‘तुम्ही द्या. आत्ता.’

चोवीस किलोचा मुलगा. किलोमागे एक युनिट पातळी दोन टक्के वाढवतं. डोक्यासाठी शंभर टक्के हवेत, म्हणजे बाराशे युनिट. माझ्याकडे पाचशेच्या दोन आणि अडीचशेची एक बाटली होती. पन्नास जास्त गेले तर चालतात, उरलेलं कुणी फेकत नाही. कॉरिडॉरमधल्या खुर्चीवर निर्जंतुक पॅड पसरून मी तिन्ही बाटल्या तयार केल्या. बोळा मी त्याच्या हातात दिला, तर त्याने बुचं नेहमीसारखी पुसली. पण हात गारठलेले, शीर दिसेना. मी त्याचा तळवा माझ्या दोन्ही हातांत धरून चोळत बसले. तो म्हणाला, ‘आई, कर ना लवकर.’ नळीत लाल रेघ आली तेव्हा तो डॉक्टर समोर येऊन उभा राहिला होता. काही बोलला नाही. औषध संपल्यावर बोळा त्याने दाबून धरला आणि लॉट नंबर विचारून केसपेपरवर लिहिला. मग सीटी झाला.

सीटी स्वच्छ निघाला.

त्यावर नंतर किती जणांनी ऐकवलं, की काही निघालंच नाही, मग तिथे बसून हे सगळं करायची काय गरज होती? आत काही सुरू झालं होतं आणि फॅक्टरने थांबवलं, की मुळात काहीच झालं नव्हतं, हे मला कधीच कळणार नाही. स्कॅन ते सांगत नाही. तरी पुन्हा तशी वेळ आली तर मी तेच करेन. माझ्यासारख्या दुसऱ्या आईने विचारलं तरी हेच सांगेन, शिवाय हेही, की डोकं, मान, पोट यांना मार लागला तर घरी डोस देऊन झोपवायचं नाही, डोस द्यायचा आणि इस्पितळ गाठायचं. पण त्यानंतर बरेच दिवस मी सहज त्याचा हात हातात घ्यायला गेले तरी तो बाही खाली ओढायचा. त्याबद्दल कुणी विचारत नाही.

हल्ली एक नवा प्रश्न येतो: ‘आता कातडीखाली द्यायचं इंजेक्शन निघालंय ना, मग ते का नाही?’ एमिसिझुमॅबबद्दल बोलताय तुम्ही. 2017 पासून ते आहे, आठवड्याने किंवा त्याहूनही लांबच्या अंतराने घेता येतं, शीर शोधावी लागत नाही. आमच्या डॉक्टरांशी बोलणं चालू आहे. मात्र ते ब्लीड होऊ नये म्हणून आहे. डोक्याला मार लागला तर तेव्हाही शिरेतून फॅक्टरच द्यावा लागणार, आणि मग शीर शोधणारे हात सरावातून गेलेले असतील. त्यामुळे बदलायचं की नाही, हे आमचं अजून ठरलेलं नाही. मुलाला विचारलं तर तो म्हणतो, टोचायचंच असेल तर मला शिकव, मी माझं टोचेन. नर्सताईंनी त्याला आता रबरी हातावर सराव द्यायला घेतलंय.