वीरकथा शेवटून वाचावी

अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातल्या वीरांवरचं जाडजूड पुस्तक हाती आलं, की आधी मागची टिपांची पानं उघडावीत. प्रसंग घडला कधी आणि पहिल्यांदा कागदावर उतरला कधी, एवढी वजाबाकी केली की पुष्कळ उलगडा होतो. व्हर्जिनियाचा पुढारी पॅट्रिक हेन्री याची 'स्वातंत्र्य द्या, नाहीतर मरण' ही गर्जना १७७५ ची. पण भाषण छापून आलं १८१७ मध्ये, तेही चरित्रकारानं म्हाताऱ्या श्रोत्यांच्या आठवणींवरून जुळवलेलं. लहानग्या वॉशिंग्टननं चेरीच्या झाडावर कुऱ्हाड चालवून वडिलांकडे कबुली दिली, त्या गोष्टीचं तर विचारूच नका. ते झाड उगवलं त्याच्या एका चरित्राच्या १८०६ च्या आवृत्तीत, वॉशिंग्टन जाऊन सात वर्षं झाल्यावर.

इंग्रज सैन्य चालून येतंय हा इशारा द्यायला रात्री घोडा दौडवणाऱ्या पॉल रिव्हिअरची गंमत अशी, की त्याची स्वतःची हकिकत आपल्याकडे आहे. १८ एप्रिल १७७५ च्या रात्री दोघा मित्रांनी त्याला बोस्टनहून होडीनं चार्ल्सटाऊनला पोचवलं, इंग्रजांच्या 'सॉमरसेट' युद्धनौकेला चुकवून. तिथे उसना घोडा मिळाला. अकराच्या सुमारास निघून तो मध्यरात्रीला लेक्सिंग्टनला टेकला. 'ब्रिटिश आले' असं तो ओरडला नसावा. तेव्हा ते सगळे स्वतःला ब्रिटिशच समजत होते. तो सैन्याला 'रेग्युलर्स', म्हणजे कायमची फौज, म्हणत होता. जॉन हॅन्कॉक हा बंडाचा पुढारी उतरला होता त्या घराच्या दारावरच्या पहारेकऱ्यानं गोंगाट करू नका म्हणून दटावलं, तर हा म्हणाला, गोंगाट? थोड्या वेळात हवा तेवढा होईल!

कवी लाँगफेलोनं या दौडीवर कविता लिहिली १८६० मध्ये, अमेरिकेतलं यादवी युद्ध दाराशी आलेलं असताना. देशाला एकटा घोडेस्वार हवा होता. त्यानं रिव्हिअरला पलीकडच्या काठावर चर्चच्या मनोऱ्यातल्या कंदिलांची वाट बघत उभं केलं. खरं तर ते दोन कंदील रिव्हिअरनंच लावायला सांगितले होते, आपण वाटेत पकडलो गेलो तर चार्ल्सटाऊनच्या लोकांना कळावं म्हणून. कवितेतला रिव्हिअर लेक्सिंग्टनपुढच्या काँकर्ड गावाला पोचतो. खरा पोचलाच नाही. लेक्सिंग्टनपुढे गस्तीनं त्याला पकडलं आणि घोडा एका सार्जंटानं घेतला. त्याच्यासोबतचा दुसरा निरोप्या विल्यम डॉझ निसटून माघारी गेला. काँकर्डला निरोप पोचवला तो सॅम्युएल प्रेस्कॉट या डॉक्टरनं, आणि तो तर या दोघांना वाटेतच भेटला होता.

पुढचं मला कवितेपेक्षा सरस वाटतं. सुटल्यावर रिव्हिअर पायी लेक्सिंग्टनला परतला आणि जॉन हॅन्कॉकच्या कागदपत्रांची पेटी खाणावळीच्या माडीवरून उतरवायला गेला. पेटी घेऊन तो गावच्या शिबंदीमधून चालत पुढे निघाला आणि पाठीमागे गोळीचा आवाज झाला. युद्ध सुरू झालं तेव्हा नायक सामान हलवत होता!

दुकानात उभ्या उभ्या पुस्तक पारखायचं असेल, तर मागच्या सूचीत 'प्रेस्कॉट' शोधावा. सापडला तर पान काढून पेटी आहे का तेही बघावं. दोन्ही नसतील, तर लेखकानं कविताच गद्यात उतरवली असण्याची शक्यता दाट.